उसना घेतलेला आवाज



आज ज्या गाण्यांविषयी मी बोलणार आहे ती तुमच्यापैकी थोड्यांनीच ऐकली असतील. आणि ज्यांनी ऐकली असतील त्यांनी बहुधा गाणाऱ्याचे नाव न विचारताच ऐकली असतील. ही गाणी एका अमेरिकन अल्बममधली आहेत. अल्बमचे नाव ‘प्ले’. १९९९ सालच्या मे महिन्यात तो बाहेर पडला. तो करणारा न्यूयॉर्कचा वादक ‘मोबी’ या नावाने ओळखला जातो. खरे नाव रिचर्ड मेलव्हिल हॉल. ‘मोबी डिक’ ही पांढऱ्या देवमाशाची प्रसिद्ध कादंबरी लिहिणारा हर्मन मेलव्हिल हा आपल्याच घराण्यातला, असे त्याच्या घरी सांगत आणि त्यावरून लहानपणीच पोराला हे टोपणनाव चिकटले. पुढे तेच जगभर झाले.

आता कुणी म्हणेल, मास्तर, न्यूयॉर्कच्या नाचगाण्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. या अल्बममधले गाजलेले आवाज न्यूयॉर्कचे नाहीतच. ते खेड्यातले आहेत. कुणी धुणी धुणारी, कुणी स्वयंपाकीण, कुणी देवळात गाणारी, कुणी मजुरी करून गाणारा. हे आवाज चाळीस वर्षे एका टेपवर होते. ते तिथून उचलून मोबीने त्यांच्याखाली नाचाचा ठेका घातला आणि जगाने ते डोक्यावर घेतले. ही उचलण्याची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे, कारण आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये ते यंत्र आले आहे.

इंग्रजीत या क्रियेला ‘सँपलिंग’ म्हणतात. सँपल म्हणजे नमुना. धान्याच्या पोत्याला बंब्या टोचून व्यापारी मूठभर दाणे काढून पाहतो, तसा जुन्या ध्वनिमुद्रणातला एखादा तुकडा काढून घ्यायचा. तो तुकडा यंत्रात आकड्यांच्या रूपाने साठवला जातो. मग तो हवा तितक्या वेळा वाजवता येतो, त्याची पट्टी चढवता-उतरवता येते, लय वाढवता येते, मधला श्वास कापून टाकता येतो. एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरवली की तिचे आवर्तन होते आणि त्या आवर्तनावर ढोल, पियानो, तंतुवाद्ये, जे हवे ते रचता येते. आपल्याकडे आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवते. कापड जुने, टाका नवा. फरक एवढाच, की गोधडीतले लुगडे कुणाचे होते हे घरात सगळ्यांना ठाऊक असते.

मोबीपर्यंत हे आवाज पोचले कसे, त्याची कथा मोठी आहे. मी थोडक्यात सांगतो. जॉन लोमॅक्स आणि त्यांचे चिरंजीव ॲलन लोमॅक्स हे दोघे पितापुत्र लोकगीतांच्या मागे लागलेले संशोधक. १९३३ साली मोटारीच्या मागच्या बाजूला तबकडीवर आवाज कोरणारे अवजड यंत्र घालून ते अमेरिकेच्या दक्षिण भागात हिंडले. यंत्राचे वजन तीनशे पौंडांहून जास्त, म्हणजे दीड क्विंटलच्या घरात. तुरुंग, शेतमळे, चर्च, बाजार, जिथे गाणे सापडेल तिथे त्यांनी ते उतरवून घेतले आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जमा केले. दक्षिणेतल्या काळ्या लोकांचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले. शेतावर, चर्चमध्ये, कबरीशेजारी ते जे गात आले ती त्यांची खरी पोथी. लिहिलेली नव्हती म्हणून ती नाहीशी होऊ नये, ही लोमॅक्स पितापुत्रांची तळमळ होती, आणि ती खरी होती.

पुढे १९५९ साली ॲलन लोमॅक्स पुन्हा त्याच वाटेने निघाले. या खेपेला बरोबर चांगला टेपरेकॉर्डर होता आणि शर्ली कॉलिन्स ही तरुण इंग्रज गायिका मदतनीस होती. त्या प्रवासातली ध्वनिमुद्रणे ॲटलँटिक या कंपनीने काढली आणि १९९३ साली ‘साउंड्स ऑफ द साउथ’ या नावाने त्यांचा मोठा संच पुन्हा बाजारात आला. एका मित्राने तो संच मोबीला ऐकायला दिला.

मोबीचे त्या वेळी दिवस बरे नव्हते. १९९६ सालचा त्याचा आधीचा अल्बम साफ पडला होता. संगीत सोडून दुसरे काहीतरी शिकावे, असे त्याच्या मनात घोळत होते. न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घरातच त्याने यंत्रे मांडून हे नवे काम केले. किती तरी कंपन्यांनी ते नाकारले. अल्बम निघाला तेव्हाही त्याची फारशी विचारपूस झाली नाही.

‘प्ले’मध्ये एकूण अठरा रचना आहेत. सगळ्यांत जुने आवाज नाहीत. काहींत मोबी स्वतः गातो, काही नुसत्या वाद्यांच्या आहेत, आणि त्यातल्या दोनचार मला तरी भरतीच्या वाटतात. पण ज्या रचनांनी अल्बमचे नाव केले त्यांत १९५९च्या त्या टेपवरचे तीन आवाज आहेत. ‘हनी’ या गाण्यात जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटावरच्या बेसी जोन्स आणि त्यांचा मेळा आहे. तिथे गाण्याची रीत आपल्या गोंधळासारखी. एकाने चरण टाकायचा, बाकीच्यांनी झील धरायची आणि ताल हाताच्या टाळ्यांनी सांभाळायचा. ‘फाइंड माय बेबी’मध्ये आर्कान्सामधला ‘बॉय ब्लू’ नावाने गाणारा एक गडी आहे. आणि ‘नॅचरल ब्लूज’मध्ये आहे व्हीरा हॉल. तिच्यापाशी जरा थांबले पाहिजे.

व्हीरा हॉलचा जन्म १९०२च्या सुमाराचा, अलाबामा राज्यातल्या लिव्हिंग्स्टन गावाजवळचा. आयुष्यभर तिने लोकांची धुणी धुतली, घरोघर स्वयंपाक केला. गाण्याचे शिक्षण म्हणाल तर आईच्या तोंडून आणि चर्चमधून जे मिळाले ते. जॉन लोमॅक्सनी १९३७ साली तिचा आवाज प्रथम उतरवून घेतला. शेकडो गाणाऱ्यांना ऐकलेला हा माणूस म्हणे, की न शिकवलेल्या गळ्यांत इतका सुंदर गळा दुसरा ऐकला नाही. १९४८ साली ॲलन लोमॅक्सनी तिला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गाण्यासाठी नेले आणि त्या मुक्कामात तिच्याकडून तिचे सारे आयुष्य ऐकून घेतले. त्यावरून १९५९ साली त्यांनी पुस्तक लिहिले. पुस्तकात तिचे बोलणे आहे, तिचे दुःख आहे, नाव मात्र तिचे नाही. तिथे ती ‘नोरा’ झाली आहे. त्या काळच्या दक्षिणेत काळ्या बाईने खरे नाव लावून मनातले बोलणे सुखाचे नव्हते, तेव्हा यात सावधपणाही असेल. १९६४च्या जानेवारीत ती वारली. ‘प्ले’ बाहेर पडला तेव्हा तिला जाऊन पस्तीस वर्षे झाली होती.

तिचे जे गाणे मोबीने घेतले ते भजन आहे. माझ्यावर काय संकट आहे ते देवावाचून कोणी जाणत नाही, असा त्याचा भाव. मूळ ध्वनिमुद्रणात एकही वाद्य नाही. बाई एकटी गाते. स्वर कधी किंचित लांबतो, कधी मध्येच तुटतो. दोन ओळींच्या मध्ये जी शांतता पडते तीही गाण्यातच मोडते. जात्यावर दळताना घास घालायला बाई क्षणभर थांबते, तशी ती वाटते.

मोबीने ही शांतता भरून काढली. खाली ठेका टाकला, तंतुवाद्यांसारखे लांब सूर पसरले आणि तिची ओळ पुन्हा पुन्हा फिरवली. हे ऐकायला सोपे, पण त्यात एक कसब आहे. शिक्षकांना ते पेटीवर दाखवता येईल. उजव्या हाताने एकच पट्टी दाबून सूर धरा. डाव्या हाताने खाली तीन पट्ट्या एकदम दाबा, मग त्या सोडून दुसऱ्या तीन, मग तिसऱ्या. वरचा सूर तोच आहे, पण खालचा स्वरसंघ बदलला की तो एकदा उजळ वाटतो, एकदा उदास, एकदा विचारल्यासारखा. पाश्चात्त्य संगीताची सारी करामत या तळातल्या बदलात आहे. व्हीरा हॉलची ओळ हलत नाही. तिच्या खालची जमीन हलते. त्यामुळे आवर्तन असूनही कंटाळा येत नाही, दर खेपेला दुःख नव्याने येते.

म्हणून ‘यंत्राने काय गाणे करायचे’ असे जे आमच्यातली काही जाणती मंडळी नाक मुरडून म्हणतात, ते मला पटत नाही. ‘नॅचरल ब्लूज’मध्ये मोबीने काहीतरी कमावले आहे. त्याने तो आवाज मन लावून ऐकला, हे कळते. ‘फाइंड माय बेबी’मध्ये मात्र तसे वाटत नाही. तिथे माणसाचा आवाज घाण्याच्या बैलासारखा फिरतो आणि गाणे संपते तेव्हा बैल जिथला तिथेच असतो.

पुढे जे झाले ते बाजाराचे. या अल्बममधली अठराच्या अठरा गाणी जाहिरात, चित्रपट, दूरचित्रवाणी अशा कुठे ना कुठे वापरायला परवान्याने देण्यात आली. असे पूर्वी कोणत्या अल्बमचे झाले नव्हते, असे सांगतात. रेडिओवर जे वाजत नव्हते ते जाहिरातींतून घरोघर गेले. एप्रिल २००० मध्ये, म्हणजे निघाल्यावर अकरा महिन्यांनी, ‘प्ले’ ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिला आला. जगभर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. ज्या भजनात देवावाचून कुणाला कळत नाही असे दुःख होते, ते वस्तू विकायच्या कामी येऊ लागले.

यात चोरी झाली का? कायद्याने पाहिले तर नाही. मोबीने तुकडे परवानगी घेऊन वापरले आणि कुणाच्या ध्वनिमुद्रणातून घेतले तेही छापले. परवानगी कोणाची? ज्याच्या मालकीचे ध्वनिमुद्रण, त्याची. टेप कंपनीची, म्हणून आवाजही कंपनीचा. गाणे परंपरेचे, म्हणून कुणाचेच नाही. या दोन्हींच्या मध्ये गाणारी बाई कुठे बसते, याला त्या हिशेबात रकाना नाही. शिवाय लोकगीते गोळा करणारेही सगळे निःसंग नव्हते. लेडबेली नावाचा थोर गायक जॉन लोमॅक्सना तुरुंगात सापडला. त्याचे ‘गुडनाइट आयरीन’ हे गाणे जेव्हा नोंदले गेले तेव्हा गीतकर्ता म्हणून त्याच्या नावाशेजारी लोमॅक्सचेही नाव लागले. गाणे जपणारा आणि गाण्याचा धनी यांच्यातली मेर अशी हळूच पुसली जाते.

पण याच १९५९च्या प्रवासातली दुसरी एक हकीकत आहे, ती मला फार मोलाची वाटते. मिसिसिपी राज्याच्या तुरुंगात लोमॅक्सनी कैद्यांची एक टोळी ध्वनिमुद्रित केली. कैदी लाकडे फोडत होते. सगळ्यांच्या कुऱ्हाडी एकदम पडाव्यात म्हणून एक जण गाणे सांगत होता आणि बाकीचे साथ देत होते. ठेका कुऱ्हाडींचाच. सांगणाऱ्याचे नाव जेम्स कार्टर. लोमॅक्सनी ते वहीत लिहून ठेवले होते. २००० साली ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ हा चित्रपट आला आणि त्याच्या सुरुवातीलाच हे गाणे, जसेच्या तसे, वापरले गेले. चित्रपटाच्या गाण्यांच्या संचाच्या लाखो प्रती खपल्या. मग संगीताची व्यवस्था पाहणारे आणि लोमॅक्सच्या संग्रहाचे काम पाहणारे लोक यांनी ठरवले, की या माणसाला शोधायचे. तुरुंगाचे जुने कागद, सरकारी दप्तरे, काय काय चाळले. शेवटी तो शिकागोत सापडला, पंचाहत्तरी उलटलेला. त्याला गाणे आठवतही नव्हते. लोमॅक्सच्या मुलीने त्याच्या घरी जाऊन रॉयल्टीचा सुमारे २०,००० डॉलरचा धनादेश त्याच्या हातात ठेवला. २००२च्या फेब्रुवारीत त्या संचाला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, त्या समारंभाला जेम्स कार्टर हजर होता. पुढच्याच वर्षी तो वारला.

ही गोष्ट घडू शकली ती एका साध्या कारणाने. त्रेचाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी टेपबरोबर नाव लिहिले होते. नाव नसते तर शोधायचे कुणाला?

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, तेही सांगून टाकतो. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा. त्यात गीत लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रण काढणाऱ्याला हक्क होते. नुसत्या गाणाऱ्याला नव्हता. १९९४ साली दुरुस्ती होऊन कला सादर करणाऱ्याचा हक्क मान्य झाला. त्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारासुद्धा आहे. म्हणजे गारुड्याच्या पंगतीला मीही बसलो आहे, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. २०१२ साली आणखी एक पाऊल पडले. आपण सादर केलेल्या कलेला आपले नाव लागावे आणि तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येऊ नये, हा अधिकारही कलाकाराला मिळाला. कायदा कागदावर आहे. पण शिवेवरच्या वस्तीत ओवी गाणारी म्हातारी आपण कायद्याने ‘कलाकार’ आहोत हे जाणत नाही, आणि तिचे गाणे फोनवर उतरवून नेणारा पोरगाही जाणत नाही.

या बाबतीत आपल्या मुलखात एक फार चांगले काम झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येकींचा आवाज टेपवर घेतला. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. तिथे ओवीखाली ‘पारंपरिक’ एवढेच लिहून काम संपवलेले नाही. गाणारीचे नाव आहे, गाव आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज ऐका. ओवी हजारो जणींची असली तरी गळा एकीचा असतो, हे सांगायला मग व्याख्यान लागत नाही. उद्या एखाद्या मुंबईकर पोराने त्या आवाजाखाली ठेका घातला, तरी तो कुणाचा हे त्याला शोधावे लागणार नाही.

शिक्षक मंडळींसाठी एक सुचवतो. वरच्या वर्गातल्या मुलांना ‘नॅचरल ब्लूज’ ऐकवायचे असेल तर आधी व्हीरा हॉलचे मूळ गाणे ऐकवा. आजकाल दोन्ही फोनवर सहज मिळतात. उलट क्रमाने ऐकवलेत तर मूळ गाणे मुलांना अपुरे वाटेल, ठेका कुठे गेला म्हणून विचारतील. आधी एकटी बाई ऐकली, की मग मोबीने काय घातले आणि काय काढून टाकले, ते मुले आपण होऊन सांगतात. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी अडत नाही.

आणि गावातली गाणी मुलांकडून उतरवून घेणार असाल, ओवी म्हणा, भलरी म्हणा, लग्नातले उखाणे म्हणा, तर फोनचे बटण दाबण्याआधी मुलाने आजीला काय काय विचारायचे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. पूर्ण नाव, सासरचे आणि माहेरचे गाव, गाणे कुणाकडून शिकली, आणि तारीख. हेच ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तिच्याच तोंडून बोलवून घेतले तर सर्वांत उत्तम. कागद हरवतो, आवाजातले नाव आवाजाबरोबर राहते. मग विचारायचे, की आजी, हे दुसऱ्यांना ऐकवले तर चालेल का? कुणाला ऐकवले तर चालेल? बहुतेक जणी हसून हो म्हणतील. एखादी म्हणेल, गाणे घे पण माझे नाव घालू नकोस, सुना हसतील. तर तेही तिच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवावे आणि नाव झाकून ठेवावे. एखादी म्हणेल, हे गाणे तुला ऐकवले, पण गावात ऐकवायचे नाही. तिथे फोन बंद करून नुसते ऐकावे.